मुक्काम चारच्या आत : पुणे ते लेह, एकवीस रात्री

पुण्याहून लेहला गाडीने जायचं म्हटलं की लोक घाटांबद्दल विचारतात, पेट्रोलबद्दल विचारतात, ऑक्सिजनच्या सिलिंडरबद्दल तर हमखास विचारतात. मला धास्ती होती ती संध्याकाळी सातची. अनोळखी गाव, अंधार पडलेला, गाडीत आम्ही दोघी, आणि काउंटरमागचा माणूस आमच्या मागून कुणी पुरुष येतोय का ते वाकून बघतोय. रस्ता मोबाईल दाखवतो. रात्री बिनघोर कुठे झोपायचं, तेही हजार-बाराशेत, हे मात्र निघायच्या आधी मला कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही दोघी म्हणजे नणंद-भावजय. मी ४९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. ताई ५८ च्या, नांदेडला शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. नवऱ्याला रजा नव्हती, मुलाला आमच्याबरोबर यायचं नव्हतं (त्याचं बरोबरच होतं). गाडी सात वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. ठरलं असं, की गाडी मी चालवायची आणि वही ताईंनी सांभाळायची.

ही वही ऑगस्टमध्येच सुरू झाली. पहिल्या पानावर नियम : शक्यतो दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा. प्रत्येक मुक्कामाला एक पान आणि पानावर तीन जागा : पहिली पसंती, दुसरी, आणि काहीच जमलं नाही तर तिसरी. नेटवरचे तारे बघायचं आम्ही आठवडाभरात सोडून दिलं. सगळीकडे चारच्या वर तारे आणि सगळ्या परीक्षणांची भाषा एकच. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांत एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं. ‘नाश्ता थंड होता’ अशी तक्रार असेल तर जागा उत्तम. ‘रात्री दार वाजवलं’, ‘आगाऊ पैसे परत दिले नाहीत’ असलं काही दिसलं की पान फाडायचं.

मग फोन. फोनवर भाडं शेवटी विचारायचं. आधी तीन प्रश्न : फॅमिली उतरतात का, गाडी आवारात लागते का, आणि रात्री गेट किती वाजता बंद होतं. तिसऱ्या प्रश्नाला ‘कभी भी आइए मॅडम, चौबीस घंटे खुला है’ असं उत्तर आलं की ताई त्या नावावर काट मारायच्या. गेट बंद होणारी जागा हवी, हा त्यांचा शाळेतला हिशेब.

तयारीतल्या दोन कामांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. पहिलं सिमकार्ड. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. माझं प्रीपेड होतं. ते पोस्टपेड करायला दुकानाच्या दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या दिवशी ‘सर्व्हर डाउन’. हे काम निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. दुसरं काम आधारच्या प्रतींचं. प्रत्येक लॉजमध्ये झेरॉक्स मागतात आणि ती कुठे जाते देव जाणे. आम्ही पहिले आठ आकडे झाकलेलं आधार संकेतस्थळावरून उतरवून घेतलं, त्याच्या पंचवीस प्रती काढल्या आणि प्रत्येकीवर ‘फक्त मुक्कामासाठी’ लिहून पुढे तारखेला जागा ठेवली. मूळ कार्ड दाखवायचं, हातात प्रत द्यायची. दोन ठिकाणी कुरकुर झाली, पण चाललं.

सामानात तीन गोष्टी खास मुक्कामासाठी घेतल्या. स्वतःचं कुलूप, कारण लॉजच्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे असतात कुणास ठाऊक. दोन चादरी. आणि दाराखाली सरकवायची रबरी पाचर, पुण्याच्या बोहरी आळीत ६० रुपयांना मिळालेली. ह्या पाचरीइतकी उपयोगी वस्तू आख्ख्या गाडीत दुसरी नव्हती.

गणपती १७ सप्टेंबर २०२४ ला गेले आणि १९ तारखेला, गुरुवारी, पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. पितृपक्ष लागलेला. सासूबाई म्हणाल्या, “ह्या दिवसांत कुठे निघता?” ताई म्हणाल्या, “आई, पितर काही चेकपोस्टवर अडवत नाहीत.” खरं कारण वेगळं होतं. पितृपक्षात लग्नं नसतात, सहली नसतात, खोल्या रिकाम्या असतात.

चाकण उजाडायच्या आत पार केलं. नाशिक, धुळे, मग सेंधव्याच्या अलीकडचा बिजासनचा घाट, खलघाटाला नर्मदेवरचा पूल. धामणोदला महामार्ग सोडला आणि साडेचारला महेश्वरात पोचलो. पुण्यापासून सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. पुढे नव्वदेक किलोमीटरवर इंदूर होतं आणि माझ्या अंगात जोरही होता. पण मोठ्या शहरात संध्याकाळी शिरायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दोन तास, पार्किंगचे वेगळे पैसे आणि खोलीही महाग. त्याआधीचं छोटं, देवस्थानाचं किंवा पर्यटनाचं गाव गाठायचं, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. परिक्रमावासींची वर्दळ चातुर्मासात नसते, त्यामुळे घाटाजवळच्या लॉजमध्ये पहिल्या मजल्यावरची खोली ११०० ला मिळाली. गॅलरीच्या कठड्यावर लहान मुलांचे कपडे वाळत होते. ताई खालूनच म्हणाल्या, “घेऊ या. आत बघायचीसुद्धा गरज नाही.” तरी बघितली. कडी बघितली, नळ सोडून बघितला, गादी उचलून बघितली. संध्याकाळी अहिल्याबाईंच्या वाड्यापाशी पायऱ्यांवर बसलो आणि मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे.

दुसऱ्याच दिवशी माती खाल्ली.

ठरवलं होतं कोटा, चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. पण उज्जैनवरून जाताना महाकाल चुकवायचा कसा? रांगेत तीन तास गेले. त्यापुढे आगर, सुसनेर करत झालावाडपर्यंत दोन पदरी रस्ता, वाटेत गुरं, आणि झालावाड सोडल्यावर दऱ्याच्या नाळेत ट्रकांची मैलभर रांग. कोट्यात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. चारचा नियम आम्ही मोडला होता, आणि त्यात मोठा शहाणपणा केला होता तो म्हणजे उज्जैनच्या रांगेत उभ्या उभ्या एका ॲपवरून खोली आरक्षित करून ११८० रुपये भरून टाकले होते. वहीतल्या तिन्ही जागा सोडून! ॲपवरचे फोटो छान होते, एवढंच.

काउंटरवरचा म्हणाला, बुकिंग दिसत नाही. मी मोबाईलवर पावती दाखवली. तो म्हणाला, ते ॲपवाल्यांचं, आमच्याशी संबंध नाही. दुसरी खोली आहे, २२०० होतील. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून वर बघायला गेलो. वऱ्हांड्यात तीन माणसं खुर्च्या टाकून बसलेली, मध्ये स्टुलावर ग्लास. खोली तशी बरी होती. ताईंनी आत जाऊन दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग मला खुणेने बोलावलं. आतल्या कडीला चार स्क्रूंची भोकं होती आणि स्क्रू एकच. तोही बोटाने फिरत होता. भोकांच्या कडेचं लाकूड पांढरं, ताजं सोललेलं. म्हणजे कडी झिजून सैल झालेली नव्हती, कुणीतरी बाहेरून दार ढकलून उघडलेलं होतं.

आम्ही काही न बोलता खाली आलो. बुकिंग नाकारल्याचं लिहून मागितलं, त्याने दिलं नाही. मग मी काउंटरचा फोटो काढला आणि तिथेच उभं राहून ॲपच्या चॅटमध्ये वेळ टाकून लिहिलं : ‘रात्री ८.५०, हॉटेलने खोली नाकारली, आम्ही परत जात आहोत.’ हे दोन मिनिटांचं काम पुढे फार उपयोगी पडलं. गाडीत बसलो तेव्हा माझे हात थरथरत होते. ताईंना ते दिसू नये म्हणून मी उगाच सीटबेल्टशी खेळत बसले.

उशीर झालेल्या रात्री अनोळखी शहरात कुठे जायचं, याची दोन उत्तरं आता माझ्याकडे आहेत. एक, मोठ्या रुग्णालयाच्या आसपास. तिथे रात्रभर औषधाची दुकानं उघडी असतात, उजेड असतो, आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी साधी गेस्ट हाउस असतात. दुसरं, विद्यार्थ्यांच्या वस्तीत. आणि कोट्यात विद्यार्थी म्हणजे काय विचारता! आम्ही तलवंडीत गेलो. नऊ वाजता रस्ताभर पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं, झेरॉक्सची दुकानं, पोह्यांच्या गाड्या. ताई उतरून झेरॉक्सच्या दुकानातल्या एका मुलीशी बोलायला लागल्या. उभं आयुष्य मुलींशी बोलण्यात गेलेली बाई. पाच मिनिटांत ती मुलगी पुढे चालत आणि मी तिच्यामागे पहिल्या गिअरमध्ये.

मुलींचं हॉस्टेल. भेटायला येणाऱ्या पालकांसाठी तळमजल्यावर दोन खोल्या राखलेल्या. वॉर्डन बाई रजिस्टर उघडून विचारत्या झाल्या, “बच्ची किस कोचिंग में है?”

ताई म्हणाल्या, “बच्ची कोई नहीं है, बहनजी. हम दोनों ही हैं.”

त्यांनी आमच्याकडे बघितलं, गाडीच्या एमएच नंबरकडे बघितलं, आणि ‘विद्यार्थी का नाम’ या रकान्यात रेघ मारून पुढे लिहिलं : ‘लद्दाख’. साडेनऊला गेट बंद झालं, आम्ही नऊ पंचवीसला आत होतो. जेवणासकट ७००. खोलीत लोखंडी पलंग, अभ्यासाचं टेबल, भिंतीवर कुणीतरी पेन्सिलने केलेलं वेळापत्रक : ४.३० उठणे, ४.४५ फिजिक्स. पंखा दांडीला धरून एका जाड स्प्रिंगवर टांगलेला होता. मला वाटलं मोडलाय. वॉर्डन बाईंनी सांगितलं, २०२३ पासून प्रशासनाने सगळ्या हॉस्टेलांना असे पंखे लावायला लावलेत. वजन आलं की खाली येतो. त्या रात्री आम्ही पंखा लावला नाही. गरम होत होतं, तरी.

२१ तारखेला मुद्दाम उशिरा निघालो आणि लवकर थांबलो. बुंदी, टोंक, जयपूरला वळसा, मग कोटपुतली. तिथे महामार्गावरचं साधं हॉटेल, १४००, पूर्ण प्रवासातली सगळ्यांत निरस जागा. पण रखवालदार होता, आवाराला भिंत होती. गाडी लावताना तोंड फाटकाकडे करून लावायची आणि खिडकीतून दिसेल अशी खोली मागायची, ही सवय इथून लागली.

पंजाबात शेतकरी आंदोलनामुळे फेब्रुवारीपासून शंभू आणि खनौरी या दोन्ही सीमा बंद होत्या. नकाशा सरळ तिकडून नेत होता. आम्हाला हे एका ट्रकवाल्याने नारनौलजवळच्या ढाब्यावर सांगितलं. त्यामुळे १५२-डी महामार्गाने कुरुक्षेत्र, मग अंबाल्याहून चंडीगडकडे, असा मार्ग धरला. ढाब्यावर जेवायला उतरलात तर ट्रकवाल्यांना पुढचा रस्ता विचाराच. नेटवरच्या बातमीपेक्षा त्यांची माहिती ताजी असते.

कुरुक्षेत्रात ब्रह्मसरोवराच्या भोवती धर्मशाळाच धर्मशाळा आहेत, जवळजवळ प्रत्येक समाजाची एक. म्हणून निर्धास्त होतो. पण सासूबाईंचा पितृपक्ष इथे आडवा आला. जवळच पेहोवा आहे, पिंडदानाचं मोठं ठिकाण. पहिल्या दोन धर्मशाळा भरलेल्या. तिसरीत ५०० ला खोली मिळाली. रजिस्टरमध्ये ‘पति/पिता का नाम’ असा रकाना होता. ताईंनी स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं, मी माझ्या. मुनीमजींनी दोनदा वाचलं, मग किल्ली दिली. धर्मशाळांबद्दल एक सांगते : एकट्या माणसाला खोली द्यायला बरेच ठिकाणी नाही म्हणतात, बाई असो की पुरुष. एकटं जाणार असाल तर आधी फोनवर स्पष्ट विचारून घ्या. अंघोळीचं गरम पाणी बादलीवर, वीस रुपये. अंथरूण आपलं वापरा.

२३ ला आनंदपूर साहिब, जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. हा विसाव्याचा दिवस म्हणून धरला होता. गुरुद्वाराच्या सराईत डोक्याला ओढणी बांधून रांगेत उभ्या राहिलो. खिडकीतल्या वयस्कर सरदारजींनी आधार बघितलं. माझं पुणे बघून पुढे सरकवलं. ताईंचं बघितलं आणि थांबले. “नांदेड? हुज़ूर साहिब?” ताईंनी मान हलवली. गुरु गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली आणि १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला. पाच तख्तांपैकी एक इथे, एक तिकडे. सरदारजींना आयुष्यात एकदा नांदेडला जायचंय, अजून जमलं नव्हतं. मागे रांग खोळंबली आणि ते ताईंना विचारत राहिले : स्टेशनपासून किती लांब, गोदावरीला पाणी असतं का. ताई रोज संध्याकाळी त्या रस्त्याने भाजी आणायला जातात. खोलीचे ४०० दिले. अनामत रक्कम वेगळी, ती सकाळी किल्ली दिल्यावर परत मिळाली. पावती जपून ठेवा, पावतीशिवाय परत मिळत नाही. लंगरला जेवलो, मग तासभर भांडी घासायला बसलो. त्या रात्री दाराला पाचर लावायची विसरले ते सकाळी लक्षात आलं.

लखनपूरला जम्मू-काश्मीरची हद्द लागली आणि ताईंचं प्रीपेड सिम मेलं. तिथून पुढे माझा एकच फोन. रात्री मुक्कामाला पोचलं की घरी ठिकाण पाठवायचं ही शिस्त होती, ती आता माझ्यावर.

जम्मूत दोन रात्री काढल्या, १३०० प्रमाणे. विधानसभेच्या निवडणुका चालू होत्या आणि २५ सप्टेंबरला श्रीनगरला मतदान होतं. राजबागेतल्या ज्या घरी आम्ही उतरणार होतो तिथल्या काकांनीच फोनवर सांगितलं, “परसों आइए.” असं सांगणारा यजमान मिळाला की जागा पक्की समजायची, त्याला एका रात्रीच्या भाड्यापेक्षा आपली काळजी जास्त. जम्मूबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की जुन्या बाजारातल्या लॉजला पार्किंग नव्हतं आणि गाडी दुसरीकडे ठेवावी लागली. २६ ला चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा, रामबनचा खणलेला रस्ता, बनिहाल-काझीगुंडचा बोगदा, आणि मग ते खोरं. त्या दिवशी पुण्यात रेड अलर्ट होता, घरून पावसाचे व्हिडिओ येत होते आणि आम्ही स्वच्छ उन्हात भाताच्या पिवळ्या शेतांमधून जात होतो. श्रीनगरला दोन रात्री, १५०० नं. हाउसबोट घेतली नाही. गाडी घाटावर कुणाच्या तरी भरवशावर टाकून पाण्यात झोप लागली नसती.

इथून पुढे मुक्कामाचा हिशेब बदलतो. आतापर्यंत गेट, कडी, पार्किंग, आता उंची. किती उंचीवरून गेलो याला फार महत्त्व नाही, किती उंचीवर झोपलो याला आहे. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आत, लेह ३,५००. एकेका रात्रीत हजाराच्या आसपास चढ. हाही डॉक्टरांच्या मते जास्तच, म्हणून लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं. याउलट मनालीकडून चढणारे २,००० मीटरवरून निघतात आणि पहिल्या रात्री सरचूच्या तंबूत, जवळपास ४,३०० वर झोपतात. मग रात्रभर डोकं धरून उलट्या. स्वस्त तंबू म्हणून तिथे थांबू नका. मनालीकडून जायचंच तर केलाँग किंवा जिस्पाला, तीन हजार-सव्वातीन हजारांवर, किमान एक रात्र काढा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. ताईंना रक्तदाब आहे, त्यामुळे आम्ही पुण्यातच विचारून निघालो होतो.

२८ ला सोनमर्ग, झोजिला. वर चिखल होता आणि समोरून ट्रक आले की मी श्वास रोखायची. खाली मीनामर्गला पोलिसांनी गाडीचे कागद बघून नोंद केली. द्रासचं युद्धस्मारक बघून साडेतीनला कारगिल. सुरू नदीकाठचं छोटं हॉटेल, १४००. इथे विचारायचा प्रश्न एकच : रात्री गरम पाणी आणि जादा रजई मिळेल का. रजई मिळाली, इतकी जड की कूस बदलता येईना.

२९ ला नमिकाला, फोटूला या खिंडी, मग लामायुरू करत लेह. वहीत दुपारचे तीन पन्नास लिहिलंय.

लेहला पाच रात्री एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये काढल्या, १२०० प्रमाणे. बाजाराजवळ जागा घेऊ नका. अरुंद गल्ल्या आणि हॉर्न. थोडं वर, शेतांच्या कडेला घर बघा, आणि गाडी घरापर्यंत जाते का हे आधी विचारा. आमच्या घरमालकिणीला सगळे ‘आमाले’, म्हणजे आई, म्हणायचे. पहिल्या दिवशी मी बॅगा उचलून वर न्यायला लागले तर त्यांनी हातातून काढून घेतल्या आणि जिन्यावरच बसवलं. डोकं दुखत होतं, तीन जिने चढायचं वीस जिन्यांएवढं वाटत होतं. दोन दिवस आम्ही जर्दाळूच्या झाडाखाली बसून सूप प्यायलो, बाकी काही नाही. लेहला येऊन पँगाँगला गेलो नाही म्हणून आल्यावर बरीच बोलणी खाल्ली. जायचं होतं, पण ताईंचा रक्तदाब तिसऱ्या दिवशी जरा वर होता आणि तिथे रात्र काढावी लागली असती. थिकसे, हेमिसचे मठ केले. पुरे झालं.

परतताना मनालीकडून उतरलो. ४ ऑक्टोबरला पावणेपाचला निघालो, कारूला टाकी काठोकाठ भरली, कारण पुढचा भरवशाचा पंप थेट टांडीला, तीनशेहून जास्त किलोमीटरवर. त्या दिवशी चारचा नियम मोडायचं आधीच ठरवलं होतं. मध्ये झोपण्यासारख्या उंचीवर जागाच नाही. टांगलांगला खिंड, मोरे मैदान, पांग गावात मॅगी. सरचूला तंबू उतरवायचं काम चालू होतं, नुसते लोखंडी सांगाडे उभे. म्हणजे आम्ही तिथे थांबायचं ठरवलं असतं तरी काही मिळालं नसतं. सप्टेंबर संपल्यावर जाणाऱ्यांनी या रस्त्यावर एक दिवस आधी फोन केल्याशिवाय निघू नये. केलाँगला सव्वासात. मालक गेटवर टॉर्च घेऊन उभा होता, कारण वाटेतल्या दारचा गावातून मी फोन लावला होता. १०००.

मग अटल बोगदा, मंडी, बिलासपूर (१२००), आणि पुढे सगळ्या जुन्याच जागा. हे आधी ठरवलं नव्हतं, पण करून बघा : परतीच्या वाटेवर ओळखीच्या जागीच उतरायचं. कुरुक्षेत्रची धर्मशाळा नवरात्रात ओस होती, मुनीमजींनी रजिस्टर पुढे केलं आणि रकान्याकडे बोट न दाखवता निघून गेले. कोट्याला वॉर्डन बाई दारातच म्हणाल्या, “आ गईं दोनों बच्चियाँ?” ती झेरॉक्सवाली मुलगी परीक्षेत होती, भेटली नाही. ताईंनी तिच्यासाठी लेहहून आणलेले जर्दाळू टेबलावर ठेवले.

१० ऑक्टोबरला दुपारी पुण्यात पोचलो असतो, पण चाकणला अडकलो. घरी पोचायला रात्रीचे आठ. एकवीस रात्रींचं भाडं २३,००० रुपये, म्हणजे रात्रीला अकराशेच्या आत, दोघींचं मिळून. यात ते ११८० धरलेले नाहीत.

त्यांचं असं झालं. ॲपवाल्यांना चार मेल केले, प्रत्येक वेळी ‘हॉटेलशी संपर्क साधत आहोत’. १४ ऑक्टोबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. बाईंनी शांतपणे तक्रार नोंदवून क्रमांक दिला. पुरावा म्हणून पैसे भरल्याची पावती, काउंटरचा फोटो आणि ८.५० चा तो चॅट जोडला. २९ तारखेला, वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी, पैसे खात्यात आले. ११८०, पूर्ण. मी ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, थांब, वहीत लिहिते. वही नांदेडलाच आहे. त्यांच्या शाळेतल्या चौघी जणी मार्चमध्ये कन्याकुमारीला निघताहेत आणि पानं पाडायचं काम सुरू झालंय. बोहरी आळीतून चार पाचरी पाठवायला सांगितल्यात.